समतुल्यता संबंध : सगे, सोयरे आणि कोयता

महाराष्ट्रात पत्त्यावर नुसते 'शिरूर' लिहिलेले पत्र योग्य गावी पोहोचेलच, याची खात्री कोणी देऊ शकणार नाही. पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठचे शिरूर आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहेत आणि बीड जिल्ह्यात सिंदफणेच्या काठी शिरूर कासार आहे. ही चारही गावे नावाने सारखी आहेत. पण जिल्हा विचारात घेतला की चारांचे तीन गट होतात, कारण लातूरची दोन एकत्र येतात आणि उरलेली दोन एकेकटी राहतात. तालुक्याचे ठिकाण आहे की नाही, हे पाहिले तर ताजबंद तेवढे वेगळे पडते. निजामाच्या राज्यातील आणि इंग्रजी अंमलाखालील अशी विभागणी केली तर घोडनदीचे शिरूर एका बाजूला आणि उरलेली तीन दुसऱ्या बाजूला जातात. गावे तीच, गट मात्र दर वेळी निराळे. 'सारखे' या शब्दाचा अर्थ काय धरायचा, यावर हे सारे अवलंबून असते. या 'सारखेपणा'ची काटेकोर व्याख्या विविक्त गणिताने केली आहे आणि तिला समतुल्यता संबंध असे नाव दिले आहे.

ही व्याख्या तीन अटींची आहे. शालेय भूमितीत एकरूप रेषाखंडांच्या निमित्ताने त्या येतात आणि परीक्षा संपली की विसरल्या जातात. पहिली अट परावर्तनता. प्रत्येक वस्तूचा स्वतःशी तो संबंध असलाच पाहिजे. दुसरी सममितता. 'अ'चा 'ब'शी संबंध असेल तर 'ब'चाही 'अ'शी असला पाहिजे. तिसरी संक्रामकता. 'अ'चा 'ब'शी आणि 'ब'चा 'क'शी संबंध असेल तर 'अ'चा 'क'शीही असला पाहिजे. या तिन्ही अटी पाळल्या गेल्या की संपूर्ण समूहाचे स्वच्छ तुकडे पडतात. प्रत्येक घटक कोणत्या ना कोणत्या गटात असतो आणि एकाच वेळी दोन गटांत कधीही नसतो. या गटांना समतुल्यता वर्ग म्हणतात. उलट बाजूने पाहिले तरी हेच दिसते. समूहाची अशी स्वच्छ विभागणी कोणी करून दिली, तर 'एकाच गटात असणे' हा संबंध तिन्ही अटी आपोआप पूर्ण करतो.

असे संबंध किती दुर्मीळ असतात, हे त्या चार शिरूरांवरूनच मोजता येते. चार वस्तूंमध्ये स्वतःची स्वतःशी धरून सोळा क्रमित जोड्या होतात. प्रत्येक जोडीत संबंध आहे किंवा नाही, असे दोन पर्याय धरले तर एकूण ६५,५३६ निरनिराळे संबंध कल्पिता येतात. त्यांपैकी समतुल्यता संबंध फक्त १५. याचा अर्थ, व्यवहारात सहज म्हणून जोडलेले नाते तिन्ही कसोट्यांवर उतरण्यापेक्षा न उतरण्याची शक्यताच फार मोठी.

बँकेतला जामीनदारीचा संबंध यासाठी उत्तम नमुना आहे. स्वतःच्या कर्जाला स्वतःच जामीन राहता येत नाही, म्हणजे परावर्तनता नाही. रामभाऊ शामरावांना जामीन राहिले म्हणून शामराव रामभाऊंना जामीन झाले, असे होत नाही. खेडोपाडी दोघे परस्परांच्या कागदावर सह्या करून ही सममितता हाताने निर्माण करतात, ती गोष्ट वेगळी. आणि शामराव गणपतरावांना जामीन असले, तरी गणपतरावांच्या थकबाकीची नोटीस रामभाऊंच्या दारी येत नाही. तिन्ही अटी नापास. तरीही हुशार कर्ज अधिकारी अर्ज हाती घेताना ही साखळी मनातल्या मनात शेवटपर्यंत ओढून पाहतो. गणपतराव बुडाले तर शामरावांवर बोजा येईल, शामराव वाकले तर रामभाऊ अडचणीत येतील. कागदावर नसलेली संक्रामकता तो मुद्दाम गृहीत धरतो. गणितात या कृतीला संबंधाचे संवरण म्हणतात. अपुऱ्या संबंधात हव्या त्या जोड्या भरून तो पुरा करणे, एवढाच तिचा अर्थ.

दर बारा कोसांवर भाषा बदलते, ही म्हणदेखील याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. एका गावचे बोलणे शेजारच्या गावाला कळते आणि त्या गावचे पुढच्याला. पण असेच पुढे पुढे जात राहिले की पहिल्या आणि शेवटच्या गावातील माणसांना एकमेकांचे बोलणे परके वाटू लागते. 'बोलणे कळणे' या संबंधात परावर्तनता आहे, सममितताही बहुतांशी आहे. तुटते ती संक्रामकता. म्हणूनच बोलींच्या सीमारेषा नकाशावर काढताना भाषाशास्त्रज्ञांची इतकी ओढाताण होते. जेथे संक्रामकता नाही तेथे गट स्वच्छ पडत नाहीत. कोठे तरी रेघ मारावी लागते आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना शेजारीच असतात.

रेघ कोठे मारायची, हा प्रश्न शिरूर कासार तालुक्याला अलीकडच्या काळात फार जवळून भिडला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील हे मूळचे याच तालुक्यातील मातोरीचे. ऑगस्ट २०२३ मध्ये जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे त्यांचे उपोषण सुरू झाले. त्यानंतर निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि २६ जानेवारी २०२४ रोजी राज्य शासनाने जातप्रमाणपत्राच्या २०१२ च्या नियमांत बदल सुचवणारा मसुदा प्रसिद्ध केला. त्या मसुद्यातील एक शब्द घरोघरी चर्चिला गेला. तो म्हणजे 'सगेसोयरे'. मागणी रास्त होती की नव्हती, हा राजकारणाचा आणि न्यायालयाचा विषय. त्यात येथे शिरायचे नाही. पण त्या जोडशब्दात दोन अगदी भिन्न स्वभावाचे संबंध एकत्र बांधलेले आहेत, हे गणिताच्या अंगाने पाहण्यासारखे आहे.

आधी 'सगे'. प्रचलित पद्धतीत जातीचा पुरावा वडिलांकडील रक्तनात्यातून येतो. चुलत्याची किंवा आजोबांची नोंद सापडली तर ती पुतण्याला, नातवाला उपयोगी पडते. गावात यालाच भावकी म्हणतात. 'पित्याच्या बाजूने एकच पूर्वज असणे' हा संबंध तिन्ही अटींवर उतरतो काय, ते पाहावे. माणूस स्वतःच्या भावकीत असतोच. भावकी उभयपक्षी असते, यातही वाद नाही. आता संक्रामकता. 'अ' आणि 'ब' यांचा समान पूर्वज एक आहे, 'ब' आणि 'क' यांचा समान पूर्वज दुसरा आहे. हे दोन्ही पूर्वज 'ब'च्या पितृपरंपरेतले. प्रत्येकाला पिता एकच असल्यामुळे ही परंपरा सरळ एका ओळीची असते, तिला फाटे फुटत नाहीत. तेव्हा त्या दोन पूर्वजांपैकी एक दुसऱ्याच्या वरच्या पिढीतला ठरणार (किंवा दोन्ही एकच व्यक्ती असणार) आणि जो वरचा तो 'अ', 'ब', 'क' या तिघांचाही पूर्वज होणार. सिद्धता झाली. भावकीमुळे गावाचे स्वच्छ तुकडे पडतात. एक माणूस दोन भावक्यांत नसतो.

या सिद्धतेत सारा भार 'पिता एकच' या वाक्यावर आहे, हे लक्षात घ्यावे. मातेची बाजूही मोजायची ठरवली, तर दोन मातापिते, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा असे फाटे फुटतात. मग 'अ' आणि 'ब' यांचे मातामह एक असतील, 'ब' आणि 'क' यांचे पितामह एक असतील आणि तरीही 'अ' व 'क' यांच्यात एकही समान पूर्वज नसेल. मामेभाऊ आणि चुलतभाऊ एकमेकांचे कोणीच लागत नाहीत, हे लग्नाच्या पंगतीत प्रत्येकाने पाहिलेले आहे. पितृपरंपरेचा आग्रह समाजाने गणितासाठी धरला, असे अर्थातच नव्हे. पण कागदोपत्री तिची जी सोय वाटते तिचे मूळ या सरळ रेषेत आहे. आणि त्या सोयीची किंमत आईच्या बाजूच्या नात्याने मोजली आहे. आंतरजातीय विवाहातील अपत्याची जात वडिलांचीच, असे यांत्रिकपणे न ठरवता ते मूल प्रत्यक्षात कोणत्या परिस्थितीत वाढले हे तपासले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात दिला. तेव्हा या सरळ रेषेला प्रथमच नव्हे, पण फार स्पष्टपणे प्रश्न विचारला गेला.

आता 'सोयरे'. विवाहामुळे जोडली जाणारी ही नाती. येथे सममितता आहे. मुलीकडचे आणि मुलाकडचे दोघेही एकमेकांचे सोयरे. (मानपानाच्या वेळी ती कोठे जाते, हा प्रश्न गणिताच्या कक्षेबाहेरचा.) संक्रामकता मात्र मुळीच नाही. शिरूरच्या घरातील मुलगी पाथर्डीला दिली आणि पाथर्डीच्या घरातील मुलगी गेवराईला, एवढ्याने शिरूर आणि गेवराईचे व्याही होत नाहीत. म्हणजे सोयरिकीने समाजाचे तुकडे पडत नाहीत; तिचे जाळे विणले जाते. २०२४ च्या मसुद्यात वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांमध्ये सजातीय विवाहांतून निर्माण झालेली नाती 'सगेसोयरे' या व्याख्येत घेण्याचे सुचवले होते. यातून जो तांत्रिक प्रश्न उभा राहतो तो असा : सोयऱ्याला मिळालेला आधार त्याच्या सोयऱ्याला आणि त्याच्याही सोयऱ्याला मिळणार काय? म्हणजे या संबंधाचे संक्रामक संवरण करायचे काय?

याचा हिशेब साधा आहे. एका कुटुंबाची सोयरीक पाच कुटुंबांशी आहे, असे धरावे. त्या प्रत्येकाची आणखी चार नव्या कुटुंबांशी. कोणतेही कुटुंब दोनदा आले नाही, असे मानल्यास पाचव्या टप्प्यावर ५ × ४ × ४ × ४ × ४ म्हणजे १,२८० कुटुंबे होतात आणि दहाव्या टप्प्यावर १३,१०,७२०. प्रत्यक्षात तीच तीच घरे पुनःपुन्हा येतात, त्यामुळे हा आकडा कमाल मर्यादेचा. तरीही दिशा कळते. साखळीला कड्यांची मर्यादा घातली नाही, तर सजातीय विवाहांचे जाळे काही पावलांतच त्या जातीचा बहुतेक सारा विस्तार व्यापते. मागणी करणाऱ्यांना आणि विरोध करणाऱ्यांना हे आपापल्या परीने कळलेले होते. म्हणूनच एका जोडशब्दावर इतका आग्रह आणि इतका आक्षेप दोन्ही एकवटले. एका बाजूला ज्यांच्या घरातला कागद काळाच्या ओघात हरवला त्यांचा प्रश्न होता, दुसऱ्या बाजूला आधीच्या यादीतील वाटेकऱ्यांची धास्ती. नियम लिहिणाऱ्याने साखळी कोठे थांबते ते लिहिले पाहिजे. ते लिहिले नाही, तर ती रेघ पुढे कार्यालयातील एखादा कारकून मारतो आणि प्रत्येक कार्यालयात ती निराळी पडते.

परावर्तनतेविषयी मात्र बहुतेकांना कुतूहल नसते. 'स्वतः स्वतःसारखा' यात सांगण्यासारखे काय आहे? चलाख विद्यार्थी तर ही अट अनावश्यक असल्याची सिद्धताच पुढे करतात. 'अ'चा 'ब'शी संबंध आहे. सममिततेने 'ब'चा 'अ'शी आहे. मग संक्रामकतेने 'अ'चा 'अ'शी झालाच! युक्तिवाद देखणा आहे, पण त्याला एक भोक आहे. 'अ'चा संबंध असलेला कोणी 'ब' मुळात असावा लागतो. ज्याचा कोणाशीच संबंध नाही, त्या एकट्यापर्यंत हा युक्तिवाद पोहोचतच नाही. तो घटक कोणत्याही गटात न बसता यादीबाहेर राहतो. परावर्तनता ही अट खरे तर त्या एकट्यासाठी आहे. ज्याला कोणी जोडीदार नाही, त्याचाही एक घटकाचा का होईना, पण पूर्ण वर्ग असतो. जनगणनेत कुटुंबाची ओळख सामाईक चुलीवरून ठरते आणि एकट्याने राहून एकट्यापुरते शिजवणाऱ्या वृद्धेचेही स्वतंत्र कुटुंब मोजले जाते. तेथे ही अट निगुतीने पाळली आहे.

शासकीय योजनांत वर्ग कसा पाडला, यावर रुपयांचा हिशेब बदलतो. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत कुटुंब हा घटक धरला होता. पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील मुले मिळून एक आणि कर्जमाफीची मर्यादा दीड लाख रुपये. डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत वैयक्तिक शेतकरी हा निकष होता आणि मर्यादा दोन लाखांची. समजा, पतीच्या नावे ९०,००० आणि पत्नीच्या नावे ८०,००० रुपये पीककर्ज थकलेले आहे. पहिल्या विभागणीत ही बेरीज १,७०,००० होऊन मर्यादेबाहेर जाते आणि वरचे २०,००० त्या घरानेच भरायचे ठरते. दुसऱ्या विभागणीत ती दोघे दोन वर्ग आहेत. त्यांची बेरीज करण्याचा प्रसंगच येत नाही. बेरजेची चूक कोठेही नाही. कोणाला कोणाशी समतुल्य मानले, एवढाच फरक.

वर्ग पाडल्यावर आणखी एक काम उरते. वर्गाचा प्रतिनिधी निवडावा लागतो. १/२, २/४, ३/६ हे सारे अपूर्णांक एकाच वर्गातले. बेरजेसाठी त्यांपैकी कोणताही उचलला तरी उत्तर तेच येते. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात भिन्न छेदांच्या अपूर्णांकांना समान छेदावर आणण्यासाठी 'निरुद्ध' म्हणजे लघुतम साधारण विभाज्य वापरण्याची रीत आहे. ती रीत म्हणजे सोयीचा प्रतिनिधी निवडण्याचीच रीत होय. एकाच्या जागी दुसरा प्रतिनिधी घेतला तरी उत्तर बदलता कामा नये, ही तिच्यामागची हमी. उत्तर बदलत असेल, तर ती क्रिया त्या वर्गांवर नीट व्याख्यात नाही, असे आधुनिक गणित म्हणते.

दिवाळीच्या सुमारास शिरूर कासारच्या वाड्यावस्त्यांवरून हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या हिशेबाचा घटक माणूस नसतो, कोयता असतो. पती आणि पत्नी मिळून एक कोयता. मुकादमाकडून मिळणारी उचल कोयत्याची, टनावारी मजुरीचा हिशेब कोयत्याचा आणि खाडा झाला तर दंडही कोयत्याला. एकटा पुरुष किंवा एकटी विधवा असेल तर तिला 'अर्धा कोयता' म्हणतात. जनगणनेने ज्या वृद्धेला पूर्ण कुटुंब मानले, तिची मुलगी फडात अर्धी ठरते. परावर्तनता येथे शब्दशः अर्धवट राहिली आहे.

प्रतिनिधीच्या कसोटीवरही हा वर्ग टिकत नाही. मोळी बांधणारी, ती डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी आणि पहाटे सर्वांच्या आधी उठून चूल पेटवणारी स्त्री त्याच कोयत्यात असते. उचल मात्र बहुधा पतीच्या हाती जाते, अंगठा किंवा सही त्याचीच आणि वर्षअखेरीचा हिशेबही त्याच्याशीच. पतीच्या जागी पत्नीला प्रतिनिधी धरले तर उत्तर बदलते. तिला ताप आला तर खाडा दोघांच्या नावे पडतो, पण दवाखान्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात नसतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागची कारणे अनेक आणि वैद्यकीय बाजू गुंतागुंतीची. पण ही मोजणी करण्यासाठी आधी कोयता फोडून त्यातील स्त्री वेगळी मोजावी लागली, एवढे खरे.

त्यानंतर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनेत गावपातळीवर ग्रामसेवकांकडून कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे काम हाती घेण्यात आले. ओळखपत्रावर एका व्यक्तीचे नाव असते, एकीचे छायाचित्र असते. फडावर पोहोचल्यावर मुकादमाच्या वहीत मात्र अजून कोयतेच मोजले जातात.